खाडी ओलांडेपर्यंत सोबत

९ नोव्हेंबर, रविवार

आज बारा किलोमीटर एकटीने. घरी येऊन कपाटाच्या दारावरच्या तक्त्यात माझ्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि प्रितीच्या रकान्यात लाल पेनने फुली मारली. फुली जरा जोरातच मारली गेली. कागद फाटला, मागून चिकटपट्टी लावावी लागली.

बाईसाहेब वैभवरावांच्या ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडावर आहेत. दोघांचं लग्न आठ फेब्रुवारीला, एकवीस किलोमीटरची शर्यत अठरा जानेवारीला, आणि थंडी पडली तशा ह्यांच्या ट्रिपा सुरू. वैभव म्हणतो, लग्नानंतर कुठे जमतंय, हाच सीझन आहे. लग्नानंतर काय त्याचे पाय कापून ठेवणार आहेत?

चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा घरात बसवेना म्हणून मी पहाटे लालबागहून शिवाजी पार्कात जायला लागले. तिसऱ्या दिवशी प्रिती मागोमाग आली. धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तेव्हा तिला पार्काची एक फेरी धड पूर्ण होत नव्हती. श्वास कसा घ्यायचा, बुटाची नाडी कुठे गाठवायची, सगळं मी शिकवलं. साखरपुडा झाला त्या दिवशी तीच म्हणाली होती, "ताई, ह्या घरातून जायच्या आधी ही शर्यत आपण दोघी बरोबर धावू आणि बरोबर संपवू. हात धरून." तीच म्हणाली होती. मी मागायला गेले नव्हते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी पंचवीस वर्षांची असताना मैत्रिणींबरोबर माथेरानला जाते म्हटलं तर आईने दोन दिवस अबोला धरला होता. आता होणाऱ्या जावयाने गडाचं नाव काढलं की डबा भरून देते. त्याला चकली आवडते म्हणून नोव्हेंबरात पुन्हा चकल्या पाडल्या. सोऱ्या फिरवायला मी.

वैभव वाईट नाही. अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत वाढलाय, वडील खात्यातून रिटायर झाले, घरात सगळे हळू आवाजात बोलतात. आमच्याकडे आला की वाकून नमस्कार करतो, मला "ताई" म्हणतो. मला त्याने ताई म्हटलेलं आवडत नाही. मला ताई म्हणणारी एकच आहे, तेवढी पुरे.

लग्नाचा मला हेवा नाही. हे मी इथे तिसऱ्यांदा लिहितेय. मला बघायला दोन जण येऊन गेले, एकाला एक्स-रे विभागातली नोकरी चालली नाही, दुसऱ्याला उंची. त्याचं मी कधीच काही मनाला लावून घेतलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भंडारदऱ्याहून काल संध्याकाळी आली. तक्त्यात दोन फुल्या. मी फक्त तक्त्यासमोर उभी राहून पाणी प्यायले.

तिने बूट बाहेर वाळत टाकलेत. तळव्यापासून घोट्यापर्यंत चिखल, आणि आतला मोजा घामाने कडक झालेला. तंबूत राहायला गेली होती की शेत नांगरायला? बूट मी घेऊन दिलेले, माझ्या पहिल्या बोनसमधून. निदान ट्रिपला जाताना जुने घालावेत.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर, पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. शामराव काका दोन दिवस तिथेच पाणी वाटत होते, म्हणून सराव बंद. काका नायगावचे, गिरणी बंद पडल्यापासून धावतायत. सत्तरीला आलेत. आमच्यासारख्या पंधरावीस जणांना फुकट शिकवतात आणि चुकलं की भर रस्त्यात नावाने ओरडतात.

आम्ही दोघी फाइव्ह गार्डनच्या बाजूला धावलो. पंधरा किलोमीटर. मी पुढे, प्रिती दोन पावलं मागे, नेहमीसारखी. शेवटी मला धाप लागली होती आणि ही लता टेलरच्या दुकानात कुठला ब्लाउज शिवायला टाकायचा ते मला विचारत होती. मेहनत करायची नाही, मग दम कशाला लागेल?

१० डिसेंबर, बुधवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण इथे खोटं लिहायचं तर वहीच कशाला हवी?

सराव झाल्यावर काकांनी मला थांबवलं. प्रिती नळावर तोंड धूत होती. काका म्हणाले, "सुनेत्रा, एक बोलू? प्रितीला सोड."

"सोड म्हणजे?"

"शर्यतीत तिला तिच्या स्पीडने जाऊ दे. ती तुझ्या मागे ब्रेक मारून धावते गं. चार वर्षं बघतोय मी. पोरगी दोन तासांच्या आत येईल. आपल्या ग्रुपातली एक बाई अजून आली नाही दोन तासांच्या आत. लग्नानंतर तिचं काय, कसं, कोणाला ठाऊक. एकदा तरी तिला तिचा स्पीड कळू दे."

मी म्हटलं, "मग तिलाच सांगा ना."

काका घड्याळाची दोरी गुंडाळत राहिले. म्हणाले, "तू सांग. तुझ्या तोंडून गेलं पाहिजे."

माझी वेळ दोन तास अडतीस मिनिटं. गेल्या वर्षीची. प्रितीची पण तीच, दोन सेकंदांनी जास्त. मला वाटायचं आम्ही दोघी सारख्याच.

घरी येताना प्रितीने विचारलं, "काका काय म्हणत होते?"

"काही नाही. माझा खांदा वर जातो म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. सोडलेले केस पुन्हा बांधले.

११ डिसेंबर, गुरुवार

सांगणार आहे. आज दुपारची ड्यूटी होती, राहून गेलं.

१५ डिसेंबर, सोमवार

दापोलीहून आली, बुटांना लाल माती. फुल्या दोन. सांगितलं नाही. जो दर शनिवार-रविवार भटकतो त्याला कसला आलाय स्पीड? काकांचं वय झालं, त्यांना काहीतरी वाटतं.

मला तिचा हेवा वाटतो का? हो, वाटतो. एकदा लिहून टाकलं. लग्नाचा नाही. तिला न मागता मिळतं त्याचा. मी पहाटे चारला उठून, नाचणीची भाकरी खाऊन, तक्ता पाळून जे मिळवायला बघते ते ह्या पोरीच्या पायात आधीपासूनच आहे, आणि ती ते खिशात घालून माझ्या मागून चालते. हे मला काल झोपेतसुद्धा टोचत होतं.

२० डिसेंबर, शनिवार. गावी.

पहिली पत्रिका देवाला ठेवली. आई, प्रिती आणि मी तिघीच आलोय. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराचा सांभाळ कर, वाटेतला काटा काढ." मागून सगळे "व्हय म्हाराजा." प्रितीचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते, मी नारळाकडे बघत होते.

आता आमच्या घरची रीत लागू. देवाला पत्रिका ठेवली की नवरी मुलगी एकटी फिरत नाही, बरोबर लिंबू ठेवायचं, आणि खाडी ओलांडायची तर घरातलं माणूस सोबत हवं. आजीच्या वेळी तरीच्या होडीतून जायचे, तेव्हाची ही रीत. आता खाडीवर पूल झालाय, गाडी दोन मिनिटांत जाते, तरी आईने पुलावर आम्हा दोघींना एका बाजूला बसवलं.

मग तिला शर्यत आठवली. "गो, तुमची ती शर्यत खंयसून जाता?"

प्रितीने सांगितलं, माहीमहून वांद्रे, मग समुद्रावरच्या पुलावरून वरळी.

"म्हणजे खाडी इली मां." आई माझ्याकडे वळली. "सुनेत्रा, तिका एकटीक सोडू नको हां. पूल संपासर तरी सोबत रव."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

इतकं हलकं मला दहा दिवसांत वाटलं नव्हतं. आता मी सांगितलं नाही तर ते आईमुळे. प्रितीने माझ्याकडे पाहिलं आणि लिंबू दुसऱ्या हातात घेतलं.  तिला बरंच वाटलं असणार.

१ जानेवारी, गुरुवार

अँटॉप हिलला वैभवकडे केळवण. आम्हा तिघींना बोलावलं होतं. त्याच्या आईने प्रितीच्या पानाभोवती रांगोळी काढली होती, माझ्या पानाला पण काढली. मला ते उगीच लागलं.

पुरणपोळी वाढता वाढता वैभव म्हणाला, "ताई, तुम्ही हिला कसं काय सांभाळता? दापोलीला मी भाड्याची सायकल घेऊन हिच्या मागे गेलो, तरी माझी वाट लागली. सकाळी पाचला उठून चौदा किलोमीटर! आमचा ग्रुप झोपलेला. भंडारदऱ्याला धरणाच्या रस्त्याने सोळा. मी म्हटलं बाई, ट्रिपला आलोय की आर्मीत?"

सगळे हसले. मी पण हसले. 

बसस्टॉपवर मी तिला विचारलं, "सांगायचं नाहीस?"

"काय?"

"धावलीस ते. मी दर वेळी फुली मारतेय."

"तू विचारलंच नाहीस ताई. मी घरात पाय टाकायच्या आधी फुली मारून झालेली असायची." मग म्हणाली, "आणि तुला आवडलं नसतं."

"का नाही आवडणार?"

ती बस येतेय का बघायला पुढे गेली.

५ जानेवारी, सोमवार

आज तिने पुन्हा विचारलं, "ताई, काका शर्यतीबद्दल काही बोललेत का गं तुझ्याशी?"

मी चहा गाळत होते. "नाही. का?"

"असंच."

एवढं काय त्या काकांचं लागून राहिलंय तिला? बहुतेक टी-शर्ट कधी मिळणार ते हवं असेल.

११ जानेवारी, रविवार

शेवटची मोठी रन, अठरा किलोमीटर. हे लिहायला लाज वाटते. दादरच्या चौपाटीपासून पुढे मी मुद्दाम जोरात काढलं. म्हटलं बघू, येतेस का. दोन किलोमीटर मी जीव खाऊन धावले. छातीत भाता चालू होता, डोळ्यांपुढे काजवे. मागे वळून पाहिलं तर प्रिती दोन पावलांवर. घाम पण नीट आला नव्हता. मला म्हणाली, "ताई, हळू. दुखेल तुला."

मग मी थांबले, कठड्याला धरून ओकले. ती माझी पाठ चोळत होती आणि मला तिचा हात झटकून टाकावासा वाटत होता. झटकला नाही. पण वाटलं.

१७ जानेवारी, शनिवार

आईने उद्यासाठी लिंबू दिलं. देव्हाऱ्यात ठेवलेलं, हळदकुंकू लावलेलं. प्रितीकडे नाही दिलं, माझ्याकडे. "तिचा काय, हरवीत. तू संभाळ." माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवलंय, मिठाच्या गोळ्यांशेजारी.

काकांचा फोन आला होता. मी उचलला नाही.

१८ जानेवारी, रविवार

दुपार झालीय. पाय वर करून लिहितेय.

माहीमला अंधारात उभ्या होतो. थंडी चांगली होती, प्रिती जागच्या जागी उड्या मारत होती. सुटलो. पहिला किलोमीटर सात मिनिटं, दुसरा सात. मी पुढे, ती मागे. वांद्र्याकडून वळून पुलावर चढलो तेव्हा माणसं आम्हाला दोन्ही बाजूंनी ओलांडून जात होती. माझ्या वयाच्या बायका, माझ्याहून जाड, सगळ्या. आणि दर वेळी कोणी पुढे गेलं की मागे प्रितीचं पाऊल किंचित चुकायचं. तेवढंच. मग पुन्हा माझ्या पावलाला पाऊल. चार वर्षं मी तो आवाज ऐकत आलेय. आज पहिल्यांदा मला कळलं की तो आवाज म्हणजे कोणीतरी स्वतःला आवरतंय.

पाचव्या किलोमीटरची पाटी दिसली. पुलाच्या मधोमध. खाली काळं पाणी. मी चालायला लागले. ती पण चालायला लागली.

"काय झालं? पाय का?"

"प्रिती, काका बोलले होते. महिना झाला. तुला सोड म्हणाले, दोन तासांच्या आत येशील म्हणाले. मी तुला सांगितलं नाही."

ती म्हणाली, "माहितीय."

"काय माहितीय?"

"त्यांनी आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, ताईने सोडलं तर जाईन. शब्द मी दिला होता ना तुला. मी कसा मोडणार?"

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"विचारलं की दोनदा."

माणसं दोन्हीकडून जात होती. कोणीतरी "चलो दीदी, चलो" म्हणून ओरडलं. मी पाऊचची चेन उघडली. घामाने बोटं सटकत होती. लिंबू काढून तिच्या हातावर ठेवलं.

"ही घे सोबत. आता तू एकटी नाहीस. जा."

"आई..."

"आईला मी बघते. जा म्हणते ना!"

तिने लिंबू मुठीत धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेली. मी तिला माझ्या पुढे धावताना कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी तीच मागे. ती कशी धावते मला माहीतच नव्हतं. खांदे स्थिर, टाचा उंच. पुलाचा एक दिवा, दुसरा दिवा, तिसऱ्या दिव्यापर्यंत तिचा गुलाबी टी-शर्ट दिसला. मग गर्दीत मिसळला. मला कौतुक वाटलं असं लिहायला हवं. मला आधी हेवाच वाटला. मग रडू आलं. मग हाजी अलीपर्यंत दोन्ही एकदम.

मी दोन तास एकेचाळीस मिनिटांत आले. माझी आजवरची सगळ्यात वाईट वेळ. प्रिती मैदानात गवतावर बसली होती, गळ्यात पदक, शेजारी काका. मी फोनवर तिची वेळ बघितली.

दोन तास, चाळीस सेकंद.

दोनदा बघितलं. चाळीस सेकंद.

प्रितीने उठून मला मिठी मारली. म्हणाली, "ताई, कसलं भारी वाटलं! पेडर रोडच्या चढावर मी पोरांना मागे टाकलं!" चाळीस सेकंदांबद्दल एक शब्द नाही. काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुठे सोडलंस?"

"पाचला. पुलावर."

काकांनी मान हलवली. त्यांना हिशोब मला समजावून सांगायची गरज नव्हती. पहिले पाच किलोमीटर ती माझ्या स्पीडने धावली. त्यातला एक जरी तिच्या स्पीडने गेला असता तरी झालं असतं. हे चाळीस सेकंद माझे आहेत. कुठे ठेवलेत तेही मला माहीत आहे, दहा डिसेंबरपासून.

घरी आईने दारातच विचारलं, "लिंबू खंय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रिती म्हणाली, "खाल्लं."

"खाल्लंस?"

"मरीन ड्राइव्हला मळमळलं. दातांनी फोडलं आणि चोखलं. बरं वाटलं."

आई तशीच चपलांच्या कपाटावर बसली. "देवाचा लिंबू गो! हळदकुंकवासकट?"

"हळद पोटात गेली. चांगलीच असते ना?"

मग आईला हसू आवरेना. पूल संपेपर्यंत मी सोबत होते का, हे विचारायचं राहूनच गेलं. उद्या सांगेन. ह्या वेळी खरंच सांगेन.

२० जानेवारी, मंगळवार

आईला सांगितलं. ऐकून घेतलं, तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "लिंबू दिलंस मां? मगे झाला." एवढंच. मी महिनाभर ज्या रीतीच्या आड लपले होते ती इतकी पातळ होती.

चाळीत प्रितीच्या नावाचा फलक लागलाय. फोटोत ती पदक दाताखाली धरून उभी. जाता येता मी तो वाचते. अजून पोटात दुखतं. कमी दुखतं, पण दुखतं.

तक्ता काढून टाकणार होते. आधी प्रितीच्या रकान्यातल्या फुल्या खोडल्या, वैभवला फोन करून विचारलं आणि आकडे लिहिले. चौदा, सोळा, बारा, अठरा. त्याने सगळे तारखेनिशी सांगितले. लिहून ठेवतो म्हणाला. चांगला आहे तसा.

८ फेब्रुवारी, रविवार

लग्न झालं. परळच्या हॉलमधून संध्याकाळी पाचला पाठवणी. आईने नवं लिंबू माझ्याच हातात दिलं. मी गाडीच्या खिडकीतून ते प्रितीच्या हिरव्या चुड्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, "हे खाऊ नकोस."

ती रडत होती, त्यातच हसली. मला जवळ ओढून कानात म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी मला माहीमलाच सोड."

मी हो म्हटलं. 

गाडी सुटली. आई रडायला लागली, बायका तिच्याभोवती जमल्या, आणि मी गाडीच्या बाजूने चालायला लागले, मग धावायला. पैठणी एका हाताने वर धरून, नवी चप्पल फटफट वाजवत. कोणीतरी मागून "अगं सुनेत्रा!" म्हणून ओरडलं. नाक्यावर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. गाडी अडकली आणि मी धावता धावता तिच्या पुढे गेले. दहा पावलं पुढे.

मागे वळून पाहिलं. काचेतून प्रिती बघत होती. चार वर्षं मी अशीच पुढे होते.

मी कडेला झाले आणि थांबले. सिग्नल सुटला. गाडी माझ्या समोरून गेली, तिने काचेला हात लावला होता, लिंबू त्याच हातात. ती उड्डाणपुलाच्या वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभी होते.

मग चप्पल काढून हातात घेतली आणि आईकडे परत आले.